एकोणीस वर्षांचा वाढपी

नागपूर,
20 एप्रिल 2024

चि. बंडूस,


तुझ्या पत्रात त्या बास्केटबॉलपटू स्कूट हेंडरसनवर तीन पानं आहेत आणि सूनबाईंवर एक ओळ. ती मजेत आहे एवढं त्या ओळीवरून कळलं. बाकीचं मी तिलाच फोन करून विचारीन. आता तुझ्या तीन पानांकडे वळते. (शेजारच्या पोराकडून प्रिंट काढून आणली. पडद्यावर भांडता येत नाही मला.)

तुझी तक्रार थोडक्यात अशी: मागच्या जूनमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला मुलगा, पहिल्याच वर्षी जवळजवळ एक कोटी डॉलर पगार, आणि मोसम संपला तेव्हा शंभरातले साडेअडतीस शॉट आत, सामन्यागणिक तीनाहून जास्त टर्नओव्हर, आणि तुमच्या पोर्टलंडच्या ब्लेझर्सनी 82 पैकी जिंकले 21. हिल्सबरोहून मॅक्स रेल्वेच्या निळ्या मार्गाच्या गाडीत बसून पावसात भिजत मोडा सेंटरला जायचं ते काय हे बघायला? ‘आत्या, तू स्वतः पॉइंट गार्डच्या जागेवर खेळलीस, खरं काय ते सांग,’ अशी पुस्तीही जोडली आहेस. पुस्ती वाचून बरं वाटलं. तुझ्या बाबांना मी खेळत होते हे आठवत असेल की नाही याचीच मला शंका आहे.

आकडे तू चोख दिलेस. फक्त एक करून बघ. त्या तीन पानांत स्कूटचं नाव जितक्या वेळा आलंय त्याहून जास्त वेळा आधीच्या गार्डचं, डेमियन लिलार्डचं, आलंय. मी पेन्सिलीने खुणा केल्यात. ‘लिलार्ड असता तर’, ‘लिलार्डने पहिल्या वर्षी’, ‘लिलार्ड अशा वेळी’. म्हणजे तक्रार एका मुलाबद्दल आहे आणि फिर्याद दुसऱ्या माणसाच्या नावाची.

मला हे समजतं. तू हिल्सबरोला नोकरीला लागलास 2012 मध्ये, लिलार्डही पोर्टलंडला आला 2012 मध्ये. परक्या गावात पहिली काही वर्षं तुला ओळखीचं असं एकच दुकान होतं आणि त्याच्या फळ्यावर लिलार्डचा शून्य नंबर होता. 2014 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या नऊ दशांश सेकंदातला त्याचा शॉट, 2019 मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध सदतीस फुटांवरून मारलेला आणि मग हात हलवून केलेला तो ‘टाटा’, मागच्या वर्षी एका सामन्यातले 71 गुण. हे सगळं तू मला भल्या सकाळी फोन करून सांगितलंयस. तुमच्याकडची संध्याकाळ म्हणजे माझ्या चहाची वेळ. अकरा वर्षं माझा चहा लिलार्डबरोबर झाला. मला त्याच्याबद्दल आकस असायचं कारण नाही.

पण मागच्या उन्हाळ्यात काय झालं ते क्रमाने मांड. 22 जूनला ड्राफ्ट. त्याआधी महिनाभर तुझ्या गावात दोन तट: एक म्हणत होता, तिसरा क्रमांक विकून लिलार्डच्या जोडीला कुणी कसलेला खेळाडू आणा, दुसरा म्हणत होता, असा मुलगा पुन्हा हाती लागणार नाही, घ्या. घेतला. 1 जुलैला लिलार्डने मला दुसरीकडे पाठवा असं सांगितलं आणि 27 सप्टेंबरला तो मिलवॉकीला गेला. स्कूटने अजून ब्लेझर्सच्या कपड्यात एक खरा सामना खेळला नव्हता, आणि शहराच्या मनात तो ‘ज्याच्यापायी लिलार्ड गेला तो’ झाला होता. लिलार्ड जाण्याची कारणं त्याहून जुनी आणि बरीच होती, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण दुःखाला समोर कुणीतरी लागतो. याच्या पाठीवर तर नंबरही 00. जुन्या शून्याशेजारी आणखी एक शून्य. हे कुणी सुचवलं असेल देव जाणे.

म्हणून 31 जानेवारीला मिलवॉकीचा लिलार्ड मोडा सेंटरला परत आला तेव्हा तू उभा राहून रडलास, सायमन्सने शेवटी बास्केट मारून ब्लेझर्सना 119-116 जिंकवलं आणि तुला धड आनंदही झाला नाही, असं जे लिहिलंस ते मला फार खरं वाटलं. त्या संध्याकाळी एकोणीस हजार लोक नेमकं कुणाच्या बाजूने होते हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यात तो मुलगा, स्कूट. तीन दिवसांनी विसावं लागणार होतं त्याला.

आता तुझा लाडका दाखला: लिलार्डचं पहिलं वर्ष. सामन्याला 19 गुण, साडेसहा असिस्ट, 82 पैकी 82 सामने, सर्वोत्तम नवोदिताचा मान एकमताने. पहिल्याच सामन्यात लेकर्सविरुद्ध 23 गुण आणि 11 असिस्ट. सगळं बरोबर. पण तो बावीस वर्षांचा होता आणि वेबर स्टेटमध्ये चार वर्षं काढून आला होता. चार वर्षं एकाच संघाचा बॉल वर न्यायचा, हरायचं, पुन्हा न्यायचा. शिवाय इथे आला तेव्हा समोर कोण? लामार्कस ऑल्ड्रिज. स्क्रीन लावून दोन पावलं मागे सरकणार, हातात बॉल पडला की अठरा फुटांवरून डोळे मिटून टाकणार. एका बाजूला बाटूम, दुसऱ्या बाजूला मॅथ्यूज. घडी बसलेलं घर. आणि तरीही त्या वर्षी ब्लेझर्स 33 जिंकले आणि शेवटचे 13 सामने ओळीने हरले. हे तुझ्या पत्रात नाही. त्या तेरांचं खापर लिलार्डवर फुटलं नाही, कारण लहान कॉलेजातून सहाव्या क्रमांकावर आलेल्या मुलाकडून गावाने फार काही मागितलंच नव्हतं. त्याने जे दिलं ते सगळं वरकमाई ठरलं.

स्कूटचा जन्म फेब्रुवारी 2004 चा. जॉर्जियातल्या मॅरिएटाचा, आईवडिलांच्या जिममध्ये वाढलेला. सतराव्या वर्षी त्याने कॉलेज नको म्हणून जी लीगच्या इग्नाइट संघाशी करार केला. तो संघच मुळी ड्राफ्टच्या उंबरठ्यावरची पोरं आणि त्यांना सांभाळायला चार वडीलधारे असा. तिथे प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं असतं, जिंकण्याची निकड कुणालाच नसते. (हा मोसम संपला की तो संघ बंद, हे गेल्या महिन्यात जाहीर झालंच आहे.) ऑक्टोबर 2022 मध्ये नेवाडात, गंमत म्हणजे हेंडरसन नावाच्याच गावात, वेम्बान्यामाच्या फ्रेंच संघाशी त्याचा सामना झाला. वेम्बान्यामाचे 37 गुण, स्कूटचे 28 आणि 9 असिस्ट, आणि सामना स्कूटच्या संघाने मारला. तू तेव्हा रात्री दीड वाजता मला त्याची चित्रफीत पाठवली होतीस आणि खाली फक्त उद्गारचिन्हं होती. त्या एका संध्याकाळीवर तुम्ही लोकांनी एक अख्खा मोसम बांधला.

त्याची गती खरी आहे, खांदे खरे आहेत. पण पॉइंट गार्डच्या कामात स्वतःचं असं फार थोडं असतं, आणि नेमकं तेच तिकीट काढून बसलेल्याला दिसत नाही.

पंगतीतला वाढपी आठव. आपल्या वाड्यातल्या मुंजींना ते दोघे भाऊ यायचे ना, धाकटा तुझ्या वयाचा. वाढप्याला पळता आलं पाहिजे, हात पोळू न देता आमटीचं भांडं धरता आलं पाहिजे, हे झालंच. पण थोरला भाऊ थोरला का होता? कुणाच्या पानात काय संपत आलंय हे त्याला पानाकडे न बघता कळायचं. नाना मागणार नाहीत पण त्यांना जिलबी हवी आहे. पलीकडच्या मास्तरांना ‘नको’ म्हणेपर्यंत वाढायचं नाही, नाहीतर ते उठून जातात. मुलांच्या ओळीत मठ्ठा शेवटी. धाकटा जास्त चपळ होता, तरी पंगत अडायची त्याच्यापाशीच. त्याला वाढता येत होतं. माणसं माहीत नव्हती. आणि माणसं माहीत व्हायला पंगतीच लागतात, दुसरा उपाय नाही.

आम्ही सिमेंटच्या कोर्टवर खेळायचो तेव्हा आमची सेंटर उंच आणि देखणी, पण तिला बॉल छातीपाशी आणि उजव्या बाजूनेच हवा असायचा. कमरेखाली आला की सुटलाच. डाव्या बाजूची फॉरवर्ड धावत असताना पास दिला तर पायात पाय अडकून पडायची. तिला उभं असताना द्यायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. सर ओरडायचे ‘बघून दे!’ आणि बघायचं नक्की काय हे उमजेपर्यंत एक थंडी सरून दुसरी आली. बरं, आमची माणसं तरी ठरलेली होती.

स्कूटची? सेंटर एटन सप्टेंबरात फिनिक्सहून आला, लिलार्डच्याच अदलाबदलीत. ब्रॉग्डन आणि रॉबर्ट विल्यम्स त्यानंतर बॉस्टनहून आले, सराव सुरू व्हायच्या तोंडावर. विल्यम्स सहा सामने खेळून गुडघ्यामुळे गेला. शार्प 32 सामन्यांनंतर दिसलाच नाही. सायमन्सचा अंगठा पहिल्याच सामन्यात दुखावला. स्वतः स्कूटचा घोटा नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुरगळला, नऊ सामने गेले, आणि परत आला तो बेंचवरून. शेवटी 62 सामने खेळला, त्यातले 32 सुरुवातीपासून. शेवटच्या महिन्यात तर ब्लेझर्सच्या पाठीवरच्या काही नावांचे उच्चार समालोचकच चाचरत करत होते. ज्या मुलाचं काम चार जणांना ओळखणं हे आहे, त्याच्यासमोरचे चार दर पंधरवड्याला बदलत होते. ओक्लाहोमाने 62 गुणांनी हरवलं आणि पुढे मायामीने 60 नी, ती या मोसमाची शोभा.

हे सगळं धरूनसुद्धा त्याची एक अडचण त्याची स्वतःची आहे, आणि ती तुझ्या पत्रात नाही याचं मला आश्चर्य वाटलं. पिक अँड रोल बघताना तू बॉलकडे बघतोस. एकदा फक्त त्याला मार्क करणाऱ्या माणसाकडे बघ. एटन स्क्रीन लावायला येतो. समोरचा गार्ड स्क्रीनच्या वरून, स्कूटला चिकटून येतो की खालून वळसा घालून पुढे जाऊन उभा राहतो? लिलार्ड असायचा तेव्हा खालून जायची कुणाची छाती नव्हती. थोडी जागा मिळाली की तो तिथूनच थ्री टाकायचा. म्हणून ते वरून यायचे, अर्धं पाऊल मागे पडायचे, आणि त्या अर्ध्या पावलातून पुढचं सगळं उघडायचं. स्कूटच्या थ्रीची धास्ती कुणाला नाही. मोसमाच्या सुरुवातीला तर ती इतकी बाहेर पडत होती की प्रत्येक संघाने एकच ठरवलं: खालून जा, वाट अडवून उभे राहा, टाकू दे. मग तो गतीने आत शिरतो तेव्हा समोर एक माणूस तयार, त्याच्यामागे बास्केटखाली उंच सेंटर तयार. आता शॉट टाकायचा तर अवघड, पास द्यायचा तर सगळ्यांना आधीच दिसलेला. तो हवेत उडी मारून मग ठरवतो. तू जे टर्नओव्हर मोजलेस त्यातले कित्येक या हवेतल्या निर्णयाचे आहेत.

म्हणजे शॉट सुधारला की पासही सुधारेल, आणि टर्नओव्हरही घटतील. तू तीन रोग लिहिलेस. माझ्या मते रोग दीड आहे. मोसमभराची थ्रीची सरासरी साडेबत्तीस टक्क्यांवर येऊन थांबली आणि फ्री थ्रो ब्याऐंशीच्या जवळ. सुरुवात लक्षात घेतली तर उत्तरार्ध बरा गेला असल्याशिवाय हा आकडा निघत नाही. फ्री थ्रो नीट टाकणाऱ्याचा हात सहसा बिघडलेला नसतो.

तुझे बाबा परवा म्हणाले, सचिनसुद्धा पहिल्या वन-डेत शून्यावर बाद झाला होता आणि त्याचं पहिलं एकदिवसीय शतक 79 व्या सामन्यात आलं. दादाला प्रत्येक दुखण्यावर सचिन हेच औषध माहीत आहे. मी त्यांना म्हटलं, फलंदाज एकटा असतो. समोरचा बॉलर, आपली बॅट, आपली नजर. दुसऱ्या टोकाचा गडी बाद झाला तरी स्ट्रेट ड्राइव्ह तोच राहतो. बास्केटबॉलमधलाच दाखला हवा असेल तर जेसन किड घे. 1994-95, पहिलं वर्ष, डॅलस. शंभरातले किती शॉट आत गेले त्याचे? साडेअडतीस. तोच आकडा, बंडू, दशांशासकट. आणि तो त्या वर्षी ग्रँट हिलबरोबर सर्वोत्तम नवोदित ठरला, कारण आदल्या वर्षी 13 सामने जिंकलेला संघ 36 जिंकला होता. गावाने त्याच्या हाताकडे न बघता बाकीच्या चौघांकडे बघितलं.

यावर तू म्हणशील, मग स्कूटने 36 का नाही जिंकून दिले. म्हण. तुझा तो हक्क आहे. पण उलटा दाखलाही शेजारी ठेव. मायकल कार्टर-विल्यम्स, फिलाडेल्फिया, 2013. पहिल्या रात्री खुद्द मायामीविरुद्ध, लेब्रॉनच्या मायामीविरुद्ध, 22 गुण, 12 असिस्ट, 9 स्टील. वर्षाअखेर सर्वोत्तम नवोदित. त्याच्यापुढच्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाने त्याला देऊन टाकलं, आणि नंतर तो कुठेच रुजला नाही. हरणाऱ्या संघात बॉल सतत एकाच्याच हातात असला की आकडे आपोआप जमतात. त्या वर्षी तिथले प्रेक्षक खूश होते. तुझ्यापेक्षा खूश.

आणखी एक दाखला. आपण 2019 च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि पेसर्स बघायला गेलो होतो. तू मुद्दाम त्यासाठी रजा जुळवून आलास. रणदिव्यांनी आपला संघ मुंबईत आणला म्हणून लोक कौतुकाने बघत होते, आणि तू माझ्या कानात ‘हाच तो फॉक्स’ म्हणालास. त्या डीॲरन फॉक्सचं पहिलं वर्ष काय होतं? 11.6 गुण, 4.4 असिस्ट. स्कूटपेक्षा दोन्हीकडे कमी. दुसऱ्या वर्षी 17.3 आणि 7.3. गेल्या वर्षी अटीतटीच्या क्षणांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार निघाला, तो पहिलाच त्याला. मधल्या काळात सॅक्रामेंटोवाल्यांनी त्याला किती वेळा विकायला काढलं असेल, मनातल्या मनात? असो. फॉक्स झाला म्हणून स्कूट होईल असं मी म्हणत नाही.

या वर्षीचंच एक उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. सॅन अँटोनिओ स्पर्सकडे वेम्बान्यामा आला. असा खेळाडू माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिला नाही. त्यांनी सुरुवातीला जेरेमी सोहान नावाच्या फॉरवर्डला पॉइंट गार्डच्या जागी खेळवून पाहिलं. ओळीने 18 सामने हरले. जानेवारीत ट्रे जोन्सला, साध्यासुध्या, कुणी पोस्टर लावणार नाही अशा गार्डला सुरुवातीच्या पाचांत घेतलं आणि वेम्बान्यामाचा खेळ बघता बघता मोकळा झाला. त्याला हवा तिथे, हव्या त्या क्षणी बॉल मिळायला लागला. मोसमाअखेर स्पर्सचे विजय किती? 22. तुमच्यापेक्षा एक जास्त. ड्राफ्टमध्ये त्यांच्या हाती जे लागलं ते हवं होतं म्हणून तू ज्यांच्यावर जळतोस, त्यांच्यापेक्षा तुम्ही एक सामना मागे आहात.

आणि तुमच्याच बेंचपाशी कोच म्हणून कोण उभा असतो? चॉन्सी बिलअप्स. तोही तिसऱ्याच क्रमांकाचा, 1997 चा, बॉस्टनचा. तिथल्या कोच पिटिनोला जिंकायची घाई होती. 51 सामने बघून त्यांनी या मुलाला टोरांटोला पाठवलं आणि बदल्यात केनी अँडरसन, तयार पॉइंट गार्ड, आणला. पहिलं वर्षही पुरं होऊ दिलं नाही. मग डेन्व्हर, मग ऑरलँडोच्या कागदावर नाव पण अंगात कपडे नाहीत, मग मिनेसोटा. डेट्रॉइटला तो पोचला 2002 मध्ये, आणि 2004 मध्ये लेकर्सना हरवून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू. याच महिन्यात त्याचं नाव हॉल ऑफ फेमसाठी जाहीर झालं. बॉस्टनकरांनी त्या 51 सामन्यांत काय बघितलं असेल याचा मी कधीकधी विचार करते. त्यांनी तुझ्यासारखंच मोजलं असणार, आणि बेरीज चुकलीही नसणार.

(बिलअप्स कोच म्हणून कसा आहे हा वेगळा विषय. उत्तम खेळलेला माणूस उत्तम शिकवतोच असं नाही. मी शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. तीन वर्षांत त्याच्या हातून काही उभं राहिलेलं दिसत नाही, एवढंच म्हणते.)

आता तुला वाटेल आत्या संयमाचं कीर्तन लावणार. नाही लावणार. संयम ठेवा असं सांगणारी मंडळी बहुधा तिकिटाचे पैसे न देणारी असतात. संघाचे मालक-चालक ‘पुनर्बांधणी’ म्हणत हरण्याचे चार मोसम काढतात, कारण हरलं की ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो. त्यात त्यांचं फारसं जात नाही, जातं तुझं. शिवाय तुझं गाव काही नवखं नाही. 1977 मध्ये वॉल्टनच्या संघाने जिंकलं तेव्हापासून 1995 पर्यंत ओळीने 814 सामन्यांची तिकिटं संपली तिथे. अख्खं शहर एकाच पाळण्यावर नजर लावून बसतं. 1984 मध्ये जॉर्डन उपलब्ध असताना बोवीला घेतलं, 2007 मध्ये ड्युरंट सोडून ओडनला घेतलं आणि दोघांची हाडं तुटली. या गावाने ड्राफ्टच्या रात्रीला घाबरावं यात नवल नाही. दुधाने तोंड पोळलेलं आहे.

म्हणून अपेक्षा ठेवू नकोस असं म्हणणं मला खोटेपणाचं वाटतं. ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नाही तो खेळाडू मी पाहिलाय. त्याला शिव्या पडत नाहीत आणि पासही मिळत नाही. माझा वाद अपेक्षेशी नाही, तू ती नेमकी कशाची ठेवलीस याच्याशी आहे. तू गुण मागितलेस. गुण तर त्याने दिले, सामन्याला 14. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तेवढे कुठल्याही हरणाऱ्या संघात मिळतात. जे मागायला हवं होतं ते तू मागितलंच नाहीस. एटनला बॉल कुठे आवडतो हे त्याला फेब्रुवारीत कळलं होतं का? दोन जण अंगावर आले तर तो ड्रिबल चालू ठेवून मागे सरकतो, की घाबरून बॉल धरून उभा राहतो? आघाडी गेल्यावर तो स्वतःच सगळं भरून काढायला धावतो का? बचावात स्क्रीन लागली की अडकून पडतो, की वाट काढून परत आपल्या माणसाला गाठतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं: डिसेंबरची चूक मार्चमध्ये तशीच आहे का? मला वाटतं हवेतली उडी कमी झाली होती. मात्र बचावात तो मार्चमध्येही स्क्रीनवर जाऊन आदळत होता, आणि याबद्दल त्याला रागावायचं असेल तर मी तुझ्या बाजूला बसेन.

पुढच्या मोसमात असं कर. एका सामन्यात पहिला क्वार्टर फक्त त्याच्या पायांकडे बघ, बॉलकडे नाही. दुसऱ्यात फक्त एटनच्या हातांकडे: तो बॉल पकडायला वाकतोय का, की जिथे हात आहेत तिथेच बॉल येतोय. तिसऱ्यात काय बघायचं ते तुझं तूच ठरव, तोवर नजर बसलेली असेल. लिहून कळव. माझं केबल कनेक्शन या भागात भरवशाचं नाही, आणि समालोचक नको तिथे ओरडतात.

जूनमध्ये पुन्हा ड्राफ्ट आहे. 21 विजयांवर तुमचा क्रमांक वरच्या काहींत येणार हे उघड आहे, आणि कोण जाणे, पुन्हा एखादा गार्डच घेतील. तसं झालं तर त्या रात्री मला चित्रफीत पाठवू नकोस. डिसेंबरात पाठव, आणि ती संघ हरत असतानाची पाठव. सूनबाईंना म्हणावं, मेतकुटाचं पार्सल मंगळवारी टाकलंय.

तुझी,
आत्या